तांब्याच्या रेषेतला उजेड

हे मी अजून कुणापुढेच बोललेले नाही. नवऱ्यापुढेही नाही. तुम्हाला सांगते आहे — पण सरळ सांगता येईल का, माहीत नाही.

आम्ही मूळचे खानदेशातले, राहतो सुरतेत, भेस्तानला. मी एम्ब्रॉयडरी मशीनची सर्किटं दुरुस्त करते. नवं बोर्ड लवकर मिळणार नसेल तर घरीच बनवते. सर्किटच्या रेषा कागदावर छापायच्या, इस्त्री फिरवून तांब्याच्या बोर्डावर उतरवायच्या, मग बोर्ड फेरिक क्लोराईडच्या पाण्यात ठेवायचं. शाईखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळतं. वेळेवर काढलं नाही, तर ते पाणी कडेने शिरून रेषाही खातं. म्हणून शेवटी बोर्ड खिडकीशी धरून एकेक रेष बघायची. माझं सगळं असं क्रमाने असतं. माझी धाकटी जाऊ संगीता चिडवायची — ताई श्वासही यादीत लिहून मग घेतात.

संगीता जवळच्याच सचिन भागातल्या एका एम्ब्रॉयडरी कारखान्यात मशीनवर होती. तिच्याच मशीनचं बोर्ड जळलं, आणि शेठला माझं नाव तिनेच सांगितलं. अभिमानाने.

त्या सकाळी बोर्ड पाण्यात ठेवून मी फोडणी द्यायला गेले. मग कुकर, मग कपडे... परत आले तोवर उशीर झाला होता. खिडकीशी धरलं. एका रेषेत केसाएवढा उजेड दिसला.

दुसरं कोरं बोर्ड नव्हतं का? होतं, कपाटात. मग? शेठचा माणूस दारात उभा होता, आणि माझं काम वेळेवर झालं नाही असं मला ऐकायचं नव्हतं — एवढंच. त्या फटीवर वितळलेल्या सोल्डरचा थेंब ओढला. लावून पाहिलं, चाललं. देऊन टाकलं.

मशीन थांबवून ठेवणारी रेष तीच होती.

काही आठवड्यांनी धागा तुटला. संगीताने मशीन थांबवलं, सुईत धागा ओवायला हात घातला — आणि मशीन आपोआप सुरू झालं.

दवाखान्यात शेठ विचारत होता, हे झालं कसं? कुणी काही बोलायच्या आत मी म्हणाले, "हिचं कोपर लागलं असेल बटणाला."

संगीता शुद्धीत होती. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लागलंच असेल, ताई. तुमचं काम कुठे चुकतं?"

त्याच संध्याकाळी तपासणीच्या नावाखाली मी कारखान्यात दुसरं बोर्ड बसवून ते काढून आणलं. सोल्डर तडकलेलं होतं. तुकडे करून कचऱ्यात टाकलं.

निष्काळजी म्हणून शेठने तिला काढलं. उजव्या हाताची दोन बोटं आता वाकत नाहीत. घरी बसून डाव्या हाताने साड्यांवर खडे चिकटवते.

यंदा तिची मुलगी मशीनवर जायला लागली. रोज सकाळी संगीता तिला दारापर्यंत सोडते आणि बजावते, "कोपर सांभाळ गं. माझ्यासारखं करू नको."

मी आतच असते. ऐकते. हातातलं बोर्ड खिडकीशी धरते, एकेक रेष बघते.