येईन तर पाण्यानंच

ओरेस्ते बुझेत्तो बोटीवर दोर टाकायचा. काम एवढंच, पण तोरा असा, की व्हेनिस शहर त्यानंच खुंट्याला बांधून ठेवलंय. लोक जमिनीकडच्या काठावर फुझिनाच्या पार्किंगमध्ये गाड्या लावून बॅगा ओढत धक्क्यावर यायचे, आणि हा गृहस्थ त्यांना आपादमस्तक न्याहाळून म्हणायचा, "सावकाश, साहेब. हे पाणी आहे, तुमचं अंगण नाही." मग बोट खाडी ओलांडून व्हेनिसच्या झात्तेरे धक्क्याला लागायची. हा दोर टाकायचा, माणसं उतरायची, नवी चढायची, की लगेच परत. दोरवाल्यानं धक्का सोडायचा नाही, हा नियमच. त्यामुळे रोज इतक्या खेपा करूनही जन्मगावात त्याचा पाय काठापलीकडे पडत नसे.

आणि त्या काठापासून दोन गल्ल्या आत त्याची थोरली बहीण नोर्मा राहत होती.

बायकोच्या गुडघ्यांपायी ओरेस्तेनं पलीकडे जमिनीवरच्या मेस्त्रेला लिफ्टवालं घर घेतलं, तेव्हा नोर्मा भर जेवणात म्हणाली होती, "चालला खुष्कीवर! आता कोंबड्या पाळ." आम्हा व्हेनिसवाल्यांत याहून मोठी शिवी नाही. ओरेस्ते भरल्या ताटावरून उठला. "या गावात खुष्कीकडून येणाऱ्या त्या पुलावरून पाऊल टाकणार नाही," तो म्हणाला. "येईन तर पाण्यानंच येईन." पुलावरून येतात ते पाहुणे आणि पाण्यावरून येतात ते घरचे, असं त्यांचा बाप म्हणत असे. तेच वाक्य हा धरून बसला. लाकडाच्या वखारीतली बरी नोकरी सोडून तो या बोटीवर चिकटला तो केवळ शब्द खरा करायला.

शब्द खरा झाला आणि बहीण तुटली. नोव्हेंबरात सालूतेच्या सणाला नोर्माकडे मटण-कोबीचं सार शिजायचं, त्याचा वास थेट धक्क्यापर्यंत येतो असं तो छातीठोकपणे सांगायचा. जात का नाहीस, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "हातात दोर आहे ना!" सुटीच्या दिवशी कुठे असतो दोर? पण हा बोलावण्याची वाट बघत होता आणि ती याच्या येण्याची. दोघंही एकाच बापाची.

शेवटी फोन तिनंच केला.

"ओरेस्ते, नोर्मा बोलतेय. मेले नाही अजून."

"आवाजावरून कळतंय."

"जिने होत नाहीत रे आता. सोमवारी मला मेस्त्रेच्या वृद्धाश्रमात नेणार आहेत. दुपारी त्यांची बोट येईल. खुर्चीला पट्ट्यांनी बांधून नेतात म्हणे, पिंप न्यावं तसं. मला नाही तसं निघायचं या घरातून. तू सकाळी ये. तुझ्या हाताला धरून निघेन, तुझ्या बोटीनं, मग तुझ्या गाडीनं."

"खुष्कीवर?"

"ये म्हटलं ना, गाढवा!"

ओरेस्तेनं रजा घेतली. गाडी धुतली, पुढच्या सीटवर उशी ठेवली, आणि सोमवारी भल्या सकाळी येऊन ती पार्किंगमध्ये धक्क्याच्या अगदी जवळ लावली. एवढा आनंदात त्याला कुणी पाहिलेला नव्हता. पण समोर धुकं असं दाटलेलं, की धक्का दिसेना. कप्तान लोरिस कॉफी पीत बसला होता.

"बंद आहे सगळं," लोरिस म्हणाला. "पुलावरून जा. फाटकाशी बस मिळते. चांगला वेळेत पोचशील."

"भरती फिरली की उठेल हे. मला शिकवतोस? खाडीत वाढलोय मी."

"आणि नाही उठलं तर? आजच्या दिवस जा रे बसनं!"

"बसनं आलेला पाहिलं तर जन्मभर हसेल ती मला."

"मग हसू दे की!"

ओरेस्ते हलला नाही. त्यानं बहिणीला फोन लावला. "नोर्मा, बोटी बंद आहेत. यायला वाटच नाही बघ. धुकं उठलं की आलोच."

ती म्हणाली, "बरं. मी कोट घालून बसलेय."

भरती फिरली, धुकं काही फिरलं नाही. फाटकाशी बस यायची, जायची. प्रत्येक वेळी हा तिच्याकडे पाठ करून पाण्याकडे बघायचा. धुकं उठलं ते पार दुपार कलल्यावर. पहिल्याच बोटीनं तो गेला, आणि इतक्या वर्षांनी काठ ओलांडून धावत सुटला. दाराला कुलूप होतं.

समोरच्या खिडकीतून शेजारीण ब्रूना म्हणाली, "नेलं रे तिला. त्या लोकांच्या बोटीला धुक्यातनं वाट दाखवणारं यंत्र असतं, त्यांना धुक्याचं काय! 'जरा थांबा, भाऊ येतोय,' म्हणाली. थांबले बिचारे. पुन्हा म्हणाली, पुन्हा थांबले. मग तीच म्हणाली, चला."

"बांधलं तिला?"

"बांधणार नाहीत तर काय? ओले जिने ते."

ओरेस्ते धक्क्यावर परतला तर खाडीवर पुन्हा धुकं उतरलेलं आणि बोटी पुन्हा बंद. गाडी पलीकडे अडकलेली. आता मात्र तो मुकाट्यानं बसच्या तळावर गेला आणि पुलावरून निघाला. पूल भुर्रकन संपला. एवढुसा तो पूल! सकाळी चढलो असतो तर तिला हाताला धरून जिना उतरवलं असतं, मग ती जन्मभर का हसेना. एवढं साधं आपल्याला कळलं नाही म्हणून त्याला स्वतःचीच किळस आली. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईनं काही न विचारता त्याला रुमाल दिला.

आश्रमाच्या खोलीत नोर्मा पलंगाच्या कडेला बसली होती. कोट अंगातच होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. बाहेर हाताला लागेल असं धुकं.

"बोटी सुरू झाल्या?"

"नाही. पुन्हा बंद पडल्यात."

"मग आलास कसा?"

"बसनं," ओरेस्ते खाली मान घालून म्हणाला. "पुलावरून."

नोर्मानं सावकाश कोटाचं वरचं बटण काढलं.

"आहे होय अजून पूल?" ती म्हणाली. "मला वाटलं, सकाळी पडला."