पडदेवाली काकू गाडी घेते

माझी काकू पडदे शिवते. घरोघरी जाऊन खिडक्या मोजायच्या, कापड दाखवायचं, घरी येऊन शिवायचं आणि मग स्वतःच्या हाताने भिंतीला ड्रिल लावून रॉड बसवायचे, हा सगळा व्याप तिचा एकटीचा. आमच्या भागात तिला कुणी नावाने हाक मारत नाही, सगळे पडदेवाली काकूच म्हणतात. इतकी वर्षं हा धंदा तिने स्कूटरवर वाहिला. पायाशी कापडाचे गठ्ठे, मागच्या सीटवर काका आणि काकांच्या खांद्यावर रॉड.

काका रोपवाटिकेत काम करतात. माणूस इतका भोळा की दारात आलेल्या विक्रेत्याला आधी पाणी देणार, मग खुर्ची देणार आणि शेवटी तो जे विकत असेल ते घेणार. भाजी चिरायची यंत्रं आमच्या घरात ढिगाने आहेत, चालत एकही नाही. काकू याच्या अगदी उलट. दूधवाल्याच्या नमस्कारातसुद्धा पाणी किती आहे ते ती बघून घेते.

गाडी घ्यायचं ठरलं ते एका टोपीमुळे. चौकात काकूने स्कूटर वळवली, तिच्याबरोबर काका वळले आणि काकांबरोबर रॉडही वळला. रॉडच्या टोकाने वाहतूक पोलिसाची टोपी अलगद उचलली. दोघांना पत्ताच नाही. रस्त्याने लोक हसताहेत, हात करताहेत आणि काका त्यांना उलट हात करताहेत. पुढच्या सिग्नलला पोलिसाने मोटरसायकलवरून येऊन गाठलं. तो बिचारा हसत होता. टोपी डोक्यावर ठेवत म्हणाला, "बाई, आज टोपीवर निभावलं. आता चारचाकीचं बघा."

काकूने ते मनावर घेतलं. तसंही टेकडीवरच्या नव्या वसाहतीतून कामं येऊ लागली होती आणि तिथला रस्ता म्हणजे निम्मा डांबर, निम्मा खड्डा. बसकी गाडी खालून घासणार आणि मोठी गाडी आमच्या गल्लीत वळणारच नाही. शिवाय काकांचे गुडघे. खाली वाकून गाडीत बसायचं म्हणजे त्यांना विहिरीत उतरल्यासारखं वाटतं. म्हणून छोटी एसयूव्ही घ्यायची ठरली, उंच, पण आखूड, मागची सीट आडवी केली की रॉड मावतील अशी.

"नवीनच घेऊ या की," काका म्हणाले.

"नवीन नको. तिला पहिला ओरखडा पडला की तुम्ही आठवडाभर जेवणार नाही. आधीच ओरखडे पडलेली आणू."

गाडी पारखायला काकूने टकटकला बोलावलं. टकटक म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचा गॅरेजवाला. बोटाच्या पेराने गाडीचा पत्रा ठोकत फिरतो, म्हणून हे नाव. स्वतःच्या हुशारीबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. "मी गाडीला नुसतं विचारतो," तो म्हणायचा, "ती सांगते. मालक सांगत नाही ते सगळं सांगते." त्याच्या मुलीच्या घराचे पडदे काकूने शिवलेले, त्यामुळे तो हातातलं काम टाकून आला. बघायला गंमत म्हणून मीही गेले.

पहिली गाडी एका विक्रेत्याच्या आवारात होती. लाल, आरशासारखी चकचकीत, आत गुलाबाचा घमघमाट. काका बघता क्षणी पाघळले. आत बसून त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, लग्नातल्या फोटोला बसल्यासारखे.

काकूने दार उघडलं, नाक आत घातलं आणि तिथेच थांबली.

"ओलं कापड गुंडाळून कपाटात ठेवलं की असाच वास येतो," ती म्हणाली.

"परफ्यूम आहे मॅडम, इम्पोर्टेड," विक्रेता म्हणाला.

"परफ्यूमचा येतोय तो. त्याच्या खालचा म्हणतेय मी."

टकटकने सीटबेल्ट धरला आणि ओढत गेला. आपण बेल्ट लावताना जेवढा बाहेर येतो तेवढा स्वच्छ होता. त्याच्या पुढचा, नेहमी आत गुंडाळलेला राहणारा भाग मातकट निघाला आणि त्यावर पाण्याच्या पातळीची सरळ रेघ होती. मग त्याने डिकीतली चटई उचलून स्टेपनीची जागा दाखवली. कोपऱ्यात बारीक गाळ, वाळून कडक झालेला. सीटखालचे बोल्टही गंजलेले.

"ही पुरात पोहून आलीय," टकटक म्हणाला. "आतली वायरिंग आज चालेल, उद्या रुसेल. कधी रुसेल ते तिलाही माहीत नाही."

विक्रेता म्हणाला की गाडी नुकतीच धुतली आहे. काका उतरता उतरता त्याची समजूत घालत होते, "वाईट वाटून घेऊ नका हं. रंग फार छान आहे."

दुसरी गाडी एका इस्त्रीच्या शर्टातल्या तरुणाची होती. गाडी म्हणे फक्त घर ते ऑफिस एवढीच फिरलेली. मीटरवरचा आकडाही तेच सांगत होता. त्याने सरबत दिलं, काकांच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि आम्ही अजून गाडीभोवती फिरतोय तोवर काकांनी त्याचा हात हातात घेऊन सांगून टाकलं, "आमचं पक्कं समजा."

काकू त्या वेळी ड्रायव्हरच्या पायाशी वाकून बघत होती. ती तशीच वाकलेली म्हणाली, "काही पक्कं समजू नका. एवढीशी फिरलेली गाडी आणि क्लचच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत? ऑफिसला नाचत जायचात का?"

मग तिने पिशवीतून पडदा बांधायचं लोहचुंबक काढलं आणि ओरखडा पडू नये म्हणून रुमालात गुंडाळून दारावर फिरवलं. पुढच्या दाराला ते घट्ट चिकटलं. मागच्या दाराला लावलं तर घसरून खाली. टकटकने तिथे पेर मारून पाहिलं. पुढे टण्ण वाजत होतं, मागे बद्द.

"खड्डा पुट्टीने भरलाय," तो म्हणाला. "इथे कुणीतरी जोरात भेटायला आलं होतं."

बॉनेटवर हात ठेवला तर ते गरम. आम्ही येण्याआधीच त्या तरुणाने गाडी चालू करून ठेवली होती. टकटक म्हणाला, "गाडी बघायची ती गार असताना. सकाळी उठल्या उठल्या माणूस जसा असतो, तशी ती खरी असते." दुसऱ्या दिवशी सकाळी तो न सांगता जाऊन उभा राहिला. गाडी सुरू झाली आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघाला. इंजिन ऑइल खात होतं. दिलेला शब्द परत कसा घ्यायचा म्हणून काकांचा चेहरा एवढासा झाला होता. शेवटी फोन काकूनेच केला. तिचं बोलणं एका वाक्यात आटपलं, आणि ते वाक्य मी इथे लिहिणार नाही.

तिसरी गाडी एका निवृत्त हेडनर्सची. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. उंच, ताठ बाई, चष्म्यावरून बघणाऱ्या. राखाडी रंगाची गाडी अंगणात उभी होती आणि तिला कुणी पुसलेलंसुद्धा नव्हतं. आम्ही फाटकातून आत पाऊल टाकलं तशी सिस्टरांनी सुरुवात केली, वॉर्डमधल्या पेशंटची माहिती द्यावी तशी.

"डावीकडचा मागचा दरवाजा मी खांबाला घासलाय. एसीला थंड व्हायला वेळ लागतो. गतिरोधकावर पुढून खडखड येते. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना तिला जरा समजावून सांगावं लागतं. आणि स्टिअरिंग सोडलं की डावीकडे जाते. आता काय विचारायचं ते विचारा."

आमच्याकडे विचारायला काही उरलंच नाही. टकटकचा चेहरा पडला, त्याच्या तोंडचा घासच गेला होता.

आणि तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा काकांना संशय आला. ते काकूला बाजूला घेऊन कुजबुजले, "एवढं सगळं स्वतःहून सांगतायत म्हणजे काहीतरी भयंकर लपवत असणार."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिली. "अहो, सरबत देणाऱ्याला पक्कं समजा म्हणालात, आणि खरं बोलणाऱ्या बाईवर संशय?"

"म्हणूनच तर. मी आता शहाणा झालोय."

काकांच्या समाधानासाठी टकटकने गाडी गॅरेजमध्ये नेऊन जॅकवर चढवली, सिस्टरही बरोबर आल्या. टायर आतल्या कडेला जास्त झिजलेले होते, म्हणजे डावीकडे जाणं अलाइनमेंटचं. खडखड पुढच्या शॉकअब्सॉर्बरची. ऑइलचं झाकण उघडून पाहिलं, आत सायीसारखं पांढरं काही नव्हतं, म्हणजे इंजिनात पाणी शिरत नव्हतं. सगळं सिस्टरांनी सांगितलं तसंच निघत होतं. शेवटी गाडीखालून टकटकचा विजयी आवाज आला, "सापडलं!" रेडिएटरचा खालचा पाइप बारीक पाझरत होता.

हे सिस्टरांना माहीत नव्हतं. त्या इतक्या ओशाळल्या की काकूला त्यांना धरून खुर्चीवर बसवावं लागलं. "माझ्या लक्षात कसं नाही आलं?" त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. काका लगेच विरघळले. पाणी आणून दिलं, आणि वर म्हणाले, "पाइप तर आमच्या नळाचाही पाझरतो."

पाइप, शॉकअब्सॉर्बर आणि अलाइनमेंटचं काम करून द्यायचं सिस्टरांनी कबूल केलं. दाराचा ओरखडा मात्र काकूने तसाच ठेवायला सांगितला. आता किल्ली मिळणार असं आम्हाला वाटलं, तर सिस्टरांनी हात मागे घेतला.

"तुम्ही गाडी तपासलीत. आता मी ड्रायव्हर तपासते. चला, बसा."

लायसन काकूकडे होतं. चारचाकी ती तरुणपणी शिकली होती आणि नंतर हातात स्कूटरच आली. निघाली ती झोकात. सपाट रस्त्यावर बरं चाललं, पण टेकडीच्या चढावर पुढची रिक्षा थांबली, काकूने ब्रेक दाबला, आणि पुन्हा निघताना गाडी बंद पडली. परत सुरू केली तर मागे सरकू लागली. मागून हॉर्नचा गजर. काकांनी मागच्या सीटवर डोळे मिटले आणि माझा हात घट्ट धरला.

"हँडब्रेक ओढा," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "मागचे वाजवतायत त्यांना वाजवू द्या, त्यांनाही कामधंदा हवा. आता क्लच हळू सोडा. अजून. गाडीचं नाक उचलल्यासारखं वाटतंय? आता हँडब्रेक सोडा."

गाडी चढली. वर सपाटीला गाडी थांबवून काकूने पदराने कपाळ पुसलं आणि खळखळून हसली. इतकी मोकळी हसताना मी तिला फार क्वचित पाहिलंय.

"नापास ना मी?"

"नापास," सिस्टर म्हणाल्या. "रोज सकाळी या. पास झालात की घेऊन जा."

टकटकने हे ऐकलं तेव्हा तो चिडला. गाडी विकणारी बाई गिऱ्हाइकाची परीक्षा घेते, असं म्हणे त्याच्या धंद्यात कधी घडलं नव्हतं. पण काकूला राग आला नाही. ती रोज सकाळी जाऊ लागली. सिस्टर तिला चढावर उभं करत, अरुंद गल्लीतून मागे घ्यायला लावत, आरशात बघायची सवय लागावी म्हणून मध्येच विचारत, "मागे कोणत्या रंगाची गाडी आहे?" शिकवणी संपली की दोघी सिस्टरांच्या पायरीवर चहा पीत बसत, आणि काकूची परत येण्याची वेळ रोज पुढे पुढे सरकत गेली. दोघी एवढं काय बोलतात हे काका मला विचारायचे, मी त्यांना विचारायचे.

बोलण्यातून एवढं कळलं की सिस्टर मुलीच्या शेजारी नव्या घरात राहायला चालल्या होत्या. सगळं पायी जाण्याच्या अंतरावर, गाडीला तिथे जागाच नव्हती. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत रात्रीअपरात्री ड्यूटीला नेणारी गाडी कुणा धसमुसळ्याच्या हाती जाऊ नये, एवढंच त्यांना वाटत होतं.

एके सकाळी काकू घराखाली हॉर्न वाजवत आली. एकटीच, राखाडी गाडी घेऊन. काका बनियनवरच खाली धावले. गाडीभोवती एक चक्कर मारून त्यांनी खांबाच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि समाधानाने म्हणाले, "हा आपला नाही."

टेकडीवरच्या वसाहतीत पहिलं काम निघालं त्या दिवशी काकूने वाटेत सिस्टरांनाही घेतलं. काकांनी त्यांच्या नव्या गॅलरीसाठी रोपवाटिकेतून कुंड्या आणल्या होत्या, त्याही डिकीत. मागची अर्धी सीट आडवी केली, रॉड डिकीपासून पुढच्या दोन सीटच्या मधोमध आले आणि उरलेल्या अर्ध्या सीटवर मी आणि काका चिमटून बसलो. पुढे बसा म्हटलं तर काका ऐकेनात. मागून दोघींचं बोलणं जास्त चांगलं ऐकू येतं, हे त्यांचं कारण.

चढ आला. काकूने गिअर बदलला.

"जरा उशीर झाला," सिस्टर म्हणाल्या.

"मला कळतं."

"कळतं तर उशीर का झाला?"

"तुम्ही बोलत होतात म्हणून."

वर पोचल्यावर काकूने ड्रिल काढलं, सिस्टरांनी कुणी न सांगता शिडी धरली, आणि दुपारपर्यंत त्या घराच्या सगळ्या खिडक्यांना फिकट पिवळे पडदे लागले. घरमालकीण बाई सारखी पडदे उघडत होती, लावत होती. काका तेवढ्यात तिच्या अंगणातल्या वाळक्या जास्वंदीपाशी बसून तिची माती उकरत होते. त्यांना तिथून उठवून गाडीत घालेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं.