संपतनं फिजिक्स का सोडलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. गेल्या महिन्यात संपत वारला. बेल्ह्याला त्याच्या दशक्रियेत माईकवर बोललो, तेव्हा तर मी उलटंच सांगितलं.

जुन्नरला एकाच खोलीवर राहून आम्ही बी.एस्सी. केलं. तो मेंढ्या राखणाऱ्या घरातला, मी बागायतदाराचा. त्यानं एक नियम घातला होता — ‘धडा झाला’ असं नुसतं म्हणायचं नाही. पुस्तक मिटून दुसऱ्याला समजावायचं, आणि त्याचे ‘का’ संपेपर्यंत उठायचं नाही. मार्क मात्र मला जास्त. मला सिद्धता पाठ असायच्या. पाठ आहे म्हणजे येतंय — असं मला खरंच वाटायचं.

शेवटच्या वर्षी कपॅसिटरचा धडा. मी समीकरणं घडाघडा मांडली. तो म्हणाला, “थांब राव. ह्याच्या दोन प्लेटींच्या मधी तर तारच न्हाई, म्हंजे करंटबी न्हाई. मग तिथं मॅग्नेटिक फील्ड आलं कुठनं?”

मला येत नव्हतं. हा धडाच काय, सगळा विषयच येत नाही, हे त्या क्षणी लख्ख कळलं. ‘मलाही नाही कळलं’ — एवढंच तर म्हणायचं होतं ना?

मी म्हणालो, “तुझ्या डोक्यात नाही शिरायचं हे. तू आपली मेंढरं वळ.”

तो हसला. त्यानंतर त्यानं मला एकही ‘का’ विचारला नाही. एम.एस्सी.चा अर्ज भरला नाही, टेम्पो घेतला. मी प्राध्यापक झालो. तो धडा मी अजून फळ्याकडं तोंड करूनच शिकवतो.

माईकवर मी म्हणालो, “घरच्या अडचणींमुळं त्याचं शिक्षण राहिलं.” नंतर त्याची बायको मुलीला घेऊन आली. “भावजी, ही बी फिजिक्सच करतीय. हे म्हणायचे, खरं समजायचं ते तुमालाच.”

मुलीनं विचारलं, “सर, एखादा विषय आपल्याला आला, हे कळतं कसं?”

तिच्या बापाचा नियम सांगायचा होता — बाकी काय? पण मग तिचा पहिला ‘का’ मलाच आला असता. मी म्हणालो, “जुने पेपर सोडव. चांगले मार्क पडले, की आला समज.”

आता ती दर रविवारी माझ्याकडं येते. मी सांगतो, ती उतरवून घेते. काही विचारत नाही.