हात-लावू-का डॉक्टरीण

आमच्या पारोळ्याकडच्या खेड्यांना जी सरकारी अँब्युलन्स येते, तिच्यावर एक डॉक्टरीण होती. माणूस रक्तात न्हालेला असो की श्वास कोंडलेला, ती आधी विचारायची, "हात लावू का?" हो म्हणेपर्यंत तिचा हात हवेतच. बेशुद्ध माणसालासुद्धा सांगायची, "काका, सुई टोचते हं, डाव्या हाताला." लोक हसायचे, म्हणायचे, त्याला काय कळतंय. ती म्हणायची, "त्याला नसेल कळत, मला कळतं ना." म्हणून तिचं नाव पडलं हात-लावू-का डॉक्टरीण. खरं नाव मला ठाऊक आहे. पण ते चौकशीच्या कागदांवर इतकं मळवलं गेलं, की इथं लिहीत नाही.

ती सावद्याकडची, केळीवाल्यांच्या घरची. 'मला'ला आम्ही 'माले' म्हणतो, तिथं ती 'मले' म्हणायची. मी तिला म्हणायचो, "तुमचा काना केळीच्या ट्रकात बसून दिल्लीला गेला वाटतं." ती म्हणायची, "आबा, तुमचं 'माले' ऐकलं की वाटतं, तोंडात भाकर शे." 'आहे'ला आम्ही 'शे' म्हणतो, ते आमचं 'शे' आमच्याच तोंडावर मारायची.

कोणी नको म्हटलं तर ती रागवायची नाही. गंगू अक्काच्या छातीत कळ आली, गाडी दारात उभी, आणि अक्का म्हणे, म्हैस पिळल्याशिवाय मी येत नाही, ती दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. डॉक्टरीण म्हणाली, "मग आधी म्हशीला विचारू." अक्काच्या शेजारी बसून तिची नाडी धरून राहिली. धार काढून झाल्यावर अक्का आपल्या पायांनी गाडीत बसली. दुसऱ्या एका म्हाताऱ्यानं साफ नकार दिला, तेव्हा तिनं नकाराचा कागद त्याला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला, मगच अंगठा घेतला. म्हणाली, "शुद्धीवर आहात तोवर तुमचं राज्य. शुद्ध गेली की माझं."

आता माझं सांगतो. माझ्या धाकट्या भावाच्या मुलाचं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. त्याचं नाव मी तोंडात घेत नाही, दुकानदारच म्हणतो. त्यानं मला कपाशीवर मारायला बिनचिठ्ठीची, नाव-छाप नसलेली बाटली दिली. म्हणाला, "आबा, नवीन शे, जोरदार शे." जोरदार होतीच. दुपारी वारं उलटं फिरलं, पंपातलं सगळं माझ्या अंगावर. तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे धुकं. शेतात निंदणाऱ्या बायांनी फोन केला, गाडी आली. डॉक्टरीण वाकली आणि म्हणाली, "आबा, सदरा कापू का? औषध कातड्यातून आत जातंय." चार बायांसमोर एक बाई माझा सदरा कापणार. मी म्हणालो, "राहू दे." तिनं तीनदा विचारलं. तीनदा मी तेच म्हणालो. मग माझी शुद्ध गेली.

पुढचं बायांनी सांगितलं. ती कात्री काढते न काढते तोच दुकानदार फटफटीवरून आला, माझं 'राहू दे' बायांकडून ऐकलं नि आडवा उभा राहिला. "मना काका शे. त्यासनी नही म्हणेल शे. घर लई जासूत, ताक पाजसूत." म्हणजे माझा काका आहे, तो नको म्हणालाय, घरी नेऊन ताक पाजू. त्याला ठाऊक होतं, दवाखान्यात गेलो की पोलीस विचारणार, बाटली कोणाची. डॉक्टरीण म्हणाली, "ते बोलत होते तोवर मी थांबले. आता ते बोलू शकत नाहीत, आणि तुम्ही म्हणजे ते नाही. सरका." सदरा कापला, अंग धुतलं, सुया दिल्या, नळी लावली, आणि मला धुळ्याला नेलं. जाताना ती बाटलीही उचलून नेली. कागदावर लिहिलं, फवारणीची विषबाधा. दुकानाला कुलूप लागलं.

धुळ्याच्या खाटेवर मी चौथ्या दिवशी उठून बसलो. दुकानदार मोसंबी घेऊन आला आणि एक कागद पुढे केला. "आबा, सही करा, सुट्टीचा कागद शे." मी दोन यत्ता शिकलेला. मोठं सुटं अक्षर लावत लावत वाचतो, लिहितो. बारीक छापील मला येत नाही. पण पारावर रोज पेपर उघडून बसतो, तेव्हा गावाला वाटतं, आबा वाचतात. वाचून दाखव म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मी झोकात सही केली.

तो कागद तक्रारीचा होता. रुग्णानं शुद्धीवर असताना 'राहू दे' असं स्पष्ट सांगूनही डॉक्टरनं बळजबरी केली, कपडे कापले, लाज घालवली. खाली माझी सही. डॉक्टरीण खोटी ठरली, की तिनं नेलेली बाटलीही खोटी. डॉक्टरणीला गाडीवरून उतरवलं, घरी बसवलं. नोकरी जायची वेळ आली.

मला हे कळलं ते तिच्या ड्रायव्हरकडून. तो पारावर येऊन सगळ्यांदेखत म्हणाला, "आबा, पेपर वाचता ना? स्वतःची तक्रार वाचली नाही का?" त्या दिवसापासून माझ्या पोटात जी आग आहे, ती त्या औषधाहून जहाल आहे.

जळगावला चौकशी होती, पारावरची मंडळीही ऐकायला आली होती. दुकानदार माझ्या शेजारीच बसला, माझा हात धरून. साहेबांनी विचारलं, "तुम्ही राहू दे म्हणालात?"

"म्हणालो. साहेब, तुम्ही माझ्या घरी आलात, मी चहा आणला, तर काय म्हणाल?"

"राहू द्या म्हणेन."

"आणि कप कोण रिकामा करील?"

लोक हसले. साहेबही हसले. मग म्हणाले, "पण आबा, तक्रारीवर सही तुमची आहे."

दुकानदारानं माझा हात दाबला. त्याची खात्री होती, की हा म्हातारा मरेल पण चारचौघांत ते म्हणणार नाही. मी त्याचा हात झटकला, उभा राहिलो आणि पारावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "माले वाचता येत नही. यानी फसाडी सही लिधी." यानं फसवून सही घेतली, हे मी सत्यासाठी म्हणालो असं कोणी समजू नये. त्याचं तोंड पडलेलं बघायचं होतं. बघितलं.

डॉक्टरीण सुटली. पण आमच्या गाडीवर ती परत आली नाही, सावद्याकडे निघून गेली. कचेरीच्या पायऱ्यांवर मला म्हणाली, "आबा, तुमचं त्या दिवशीचं 'राहू दे' चहाचं नव्हतं. तुम्ही खरंच नको म्हणत होता."

"मग सुया का टोचल्यास?"

"नको म्हणणारा माणूस माझ्यासमोर राहिलाच नव्हता. जगला तर त्याला विचारता येईल, एवढंच डोक्यात होतं. बोला, बरं केलं की वाईट?"

मी म्हणालो, "कळवतो." ती हसली आणि बसमध्ये चढली.

या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दुकानदार पाया पडायला आला. मी पाय धोतरात ओढून घेतले. लोक म्हणतात, आबा, वय झालं, सोडून द्या. नाही सोडणार. हे दिवस तिनं काढून दिलेले आहेत. त्यातला एकही मी त्या माणसाशी गोड बोलण्यात घालवणार नाही. तिला निरोप धाडलाय, बरं केलंस.