काहीही बदललेलं नाही

आमच्या पाणीपुरवठा कचेरीतल्या उम्म तलाल गुरुवारी निवृत्त होणार होत्या, आणि त्यांनी संगणकावर लिहिलेली स्क्रिप्ट राहणार की जाणार हे त्याच सकाळी ठरायचं होतं. अजलून शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात प्रत्येक आळीला आठवड्यातून एकदाच पाणी येतं. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे कामगारांना कळवते ती ही स्क्रिप्ट. नवे इंजिनियर वाएलसाहेब म्हणाले होते, "तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला चालवता आली तर ठेवू. नाहीतर बाहेरून नवी आणू."

मला संताप आला. तक्रारींचा फोन माझ्या टेबलावर असतो. तो किती गप्प असतो ते मला ठाऊक. उम्म तलाल मात्र निवांत होत्या. त्यांच्या स्क्रिप्टमध्ये चार ओळी कामाच्या, तर सहा ओळी 'हे असं का केलं' याच्या. मी चिडवायचो, "बाई, हे पत्र कुणाला लिहिताय?"

"माझ्यानंतर या खुर्चीत बसेल त्याला."

परीक्षेला माणूसही त्यांनीच निवडला: व्हॉल्व्ह फिरवणारा अबू झायेद. त्याने कीबोर्डला कधी बोट लावलं नव्हतं.

"उम्म तलाल, जाता जाता माझं हसं कशाला करता?"

"बसा. मी तोंड उघडणार नाही." त्यांनी सेजच्या पानांचा चहा पुढ्यात ओढला.

त्याने स्क्रिप्टचं नाव टाइप करून एंटर दाबलं. पडद्यावर आलं: 'विभाग सांगितला नाही. काहीही बदललेलं नाही.' खाली एक उदाहरण. त्याने विभाग म्हणून लिहिलं, 'आमची आळी'. वाएलसाहेब हसले. स्क्रिप्टने सहा आळ्यांची नावं दाखवली आणि यांतलं एक लिहा म्हणाली. त्याने 'खालची आळी' लिहिलं. रविवारचं वेळापत्रक दिसलं, खाली सूचना: 'हे फक्त दाखवलं आहे. पाठवायचं असेल तर शेवटी "खरंच" जोडा.'

अबू झायेद थांबला. "पहिल्या वेळी हिने मला अडवलं नसतं तर?"

आता उम्म तलाल बोलल्या. "सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडायचा संदेश गेला असता. एकदा गेला होता. दुपारपर्यंत टाकी कोरडी."

"कधी?"

"सोळा वर्षांपूर्वी. तुमचा झायेद झाला त्या दिवशी."

त्याचा हात कीबोर्डवरच राहिला. तेव्हा अबू झायेद इथे नोकरीला नव्हता; बाळंतिणीसाठी झऱ्यावरून पाणी वाहत होता. हे ज्याने केलं त्याच्या नावाने तो अजून बोटं मोडतो, तेही आमच्यासमोर.

"ते मी केलं," उम्म तलाल म्हणाल्या. "ही अडवणारी ओळ दुसऱ्या दिवशी लिहिली. तिच्या वर तारीख आहे, माझं नाव आहे."

सोळा वर्षं ते नाव तिथे होतं आणि आम्ही कुणी वाचलं नव्हतं.

"मी एवढ्या शिव्या दिल्या," अबू झायेद म्हणाला, "आणि तुम्ही ऐकत चहा पीत होतात?"

"खोट्या नव्हत्या."

त्याने पडदा पुन्हा वाचला. एका बोटाने 'खरंच' लिहून एंटर दाबलं. त्याच्याच खिशातला फोन वाजला: खालची आळी, रविवार, सकाळी सहा.

"ठीक आहे, राहू दे," वाएलसाहेब म्हणाले. "पण त्या सहा-सहा ओळींची अडगळ तेवढी काढून टाका."

अबू झायेद खुर्चीतून उठला नाही. "काढा साहेब," तो म्हणाला. "फक्त त्या तारखेच्या ओळीला हात लावायचा नाही."