ज्योतीने पट्टी खाली आणली

काल सुरतेतल्या हॉस्पिटलात माझ्या ज्योतीने कमाल केली... तिला विचारूनच लिहितेय.

ज्योती माझी मुलगी, सव्वीस वर्षांची. तिला स्किझोफ्रेनिया आहे. माझे मिस्टर गेल्यावर वर्षभरात तिला आवाज ऐकू यायला लागले, सतत घालूनपाडून बोलणारे. गोळ्यांनी ती सावरली, पण आवाज पूर्ण थांबले नाहीत.

महिनाभर सुरतेजवळच्या आमच्या सचिन गावाहून तिला एका नव्या ट्रेनिंगला नेतेय. डोक्याला वायरींची टोपी, समोर स्क्रीनवर एक पट्टी. मेंदूचा ऐकणारा भाग जास्त कामाला लागला की पट्टी चढते... ती आपल्या मनाने खाली आणायची. मी मिळेल ते वाचून काढलं. सगळ्यांना जमतंच असं नाही, हेही वाचलं.

ज्योतीला जमत नव्हतं. चूक माझी. मीच सांगायचे, "घाबरू नको, उलट उत्तर दे त्यांना." आणि पट्टी भराभर वर! काल डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आजही नाही झालं तर थांबवू या. ज्योती टोपी घालून बसली.

थोड्या वेळाने पट्टी उतरायला लागली... उतरली आणि खालीच राहिली.

मॅडम गुजराती, काय केलंस म्हणून विचारू लागल्या. "ज्योतीबेन, तमे शुं कर्युं?"

"मॅडम, लूम चलती है तब कान से कौन सुनता है? सामनेवाले का मुँह देखते हैं."

मॅडमना कळेना, मग मी सांगितलं. हिचे वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कारीगर होते. कारखान्यात एवढा खडखडाट, की सगळे एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. लहानपणी डबा द्यायला जाता जाता हीसुद्धा शिकली.

"आज मनात कुणाचं तोंड पाहिलंस ग?" मी विचारलं.

"पप्पांचं. भाजी काय आणली, विचारत होते."

"मग?"

"गिलक्याची म्हटलं. तोंड वाकडं केलं त्यांनी."

यांना जाऊन सहा वर्षं झाली... गिलकं त्यांना कधीच आवडलं नाही. मी हसले, आणि मग पदर डोळ्यांना लावला.

आवाज कायमचे गेले असं मी म्हणणार नाही. गोळ्याही चालूच राहतील. पण काल अजून दोनदा तिने पट्टी उतरवली, तिची तिने. एवढा अभिमान मला आयुष्यात कशाचा वाटला नाही.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, "मम्मी, आता फक्त रिक्षाचाच आवाज येतोय."

मी रिक्षावाल्याला म्हटलं, भाऊ, सावकाश घ्या... आम्हाला घाई नाही.