बाबांचे बूट, दाराबाहेर

मंडळी, इथे लोकांचे अनुभव वाचून खाली 'झोप कमी झाली असेल, पाणी प्या' अशा कमेंट टाकणारा जो एक शहाणा आहे ना, तो मीच. त्यामुळे आज माझ्यावर तुटून पडायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आत्ताही नाही... म्हणजे, वाचा आणि तुम्हीच ठरवा.

आम्ही मेलबर्नला, टार्निटमध्ये राहतो. मी, बायको मुग्धा, मुलगी ईरा, आणि आता बाबा. आई गेल्यावर मिरजेच्या घराला कुलूप लावून मी त्यांना इकडे घेऊन आलो. पण इथे आल्यापासून बाबा घराबाहेर पडेचनात. स्लिपर घालून दिवसभर खिडकीशी. "बाबा, पार्कपर्यंत तरी चला," म्हटलं की "उद्या". जेवण म्हणजे अर्धी पोळी. डॉक्टर म्हणाले, चालले नाहीत तर पाय जातील. मला तर डोळ्यांसमोर अख्खे बाबाच जाताना दिसत होते.

म्हणून मी एक ग्रेट आयडिया काढली. (माझ्या ग्रेट आयडियांचा इतिहास मुग्धाला विचारा.) मॉर्निंग्टन पेनिन्सुलावर, समुद्राकाठच्या गोल्फ कोर्सेसच्या मधोमध, जुन्या काळच्या कुणा श्रीमंताचा बंगला आहे. आता तिथे हॉटेल चालतं. डील स्वस्त होतं, फोटोत समुद्र होता. प्रत्यक्षात खिडकीतून दिसलं ते गोल्फचं मैदान. समुद्र वाळूच्या टेकड्यांपलीकडे, नुसता ऐकू यायचा. आणि डीलमध्ये गोल्फचा एक राउंडही होता, तो मी खेळायचा होता! पोचल्या पोचल्या खेळलो. पहिलाच बॉल फ्रंट फूटवर येऊन असा काही हाणला की हॉटेलच्या छपरावर गेला. मागून एक गोरे आजोबा शांतपणे म्हणाले, "राँग गेम, मेट."

हे बघायला बाबा नव्हतेच. गाडीतून उतरून थेट वर रूमकडे गेले होते. दाराशी सवयीने बूट काढले, मग आम्हीही काढले. कॉरिडॉरमध्ये देवळाबाहेर असते तशी रांग लागली. बाबांचे ते तपकिरी लेदरचे बूट, शाळेत गणित शिकवायचे तेव्हापासूनचे. त्यांच्यावर अजून मिरजेची धूळ होती.

"आता मी कुठे येणार नाही हं," बाबा म्हणाले. "तुम्ही फिरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेकफास्टला जायला दार उघडलं, तर बाबांचे बूट चकाचक. टोकं बाहेरच्या दिशेला. लेस खालपर्यंत ढिल्या केलेल्या, बुटांच्या जिभा पुढे ओढून ठेवलेल्या. बाकी रांग होती तशीच, मळकी.

बाबा दारातच थांबले.

"कोणी केलं?"

"हॉटेलवाल्यांनी असेल," मी म्हणालो. "हेरिटेज सर्व्हिस."

बाबांनी एक हात भिंतीला टेकला. न वाकता एक पाय आत सरकवला, मग दुसरा. आणि निघाले! जिना उतरले, बाहेर पडले, गोल्फ कोर्सच्या कडेच्या वाटेने टेकडी चढून समुद्राकडे. आम्ही मागून मोज्यांवर धावतोय. परत आले, तीन महिन्यांत पहिल्यांदा टोस्ट मागून घेतला, आणि चहाला नावं ठेवली. चहाला नावं ठेवली म्हटल्यावर मुग्धाने टेबलाखाली माझा हात गच्च धरला.

मी टिप द्यायला रिसेप्शनवर गेलो. तिथे लिन नावाच्या बाई होत्या.

"शू पॉलिश? आम्ही नाही करत, लव्ह," त्या म्हणाल्या. "फार पूर्वी पाहुणे बूट बाहेर ठेवायचे आणि नोकर पॉलिश करायचे म्हणे. आता नाही. आणि ते शूज जरा आत घ्याल का? कुणीतरी अडखळून पडेल."

मग मी ईराला धरलं. "आजोबांसाठी तूच केलंस ना? खरं सांग."

"डॅड, आय डोन्ट इव्हन क्लीन माय ओन शूज."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

दुपारी बाबा आडवे झाले. बूट पुन्हा बाहेर, चालून आल्यामुळे वाळूने भरलेले. मी म्हटलं, बघूच. आमिष म्हणून माझे ऑफिसचे काळे लेदर शूज आणि मुग्धाचे बूट शेजारी लावले. (मुग्धाची पर्सही ठेवणार होतो. होतंय फुकट तर होऊ दे.) दारासमोर, कॉरिडॉरच्या खिडकीत बसलो. त्या कॉरिडॉरची जमीन अशी की गालिच्यावर मांजर चाललं तरी फळी कुरकुरेल. कोणी येणं शक्यच नव्हतं.

बाहेर एकाचा बॉल वाळूच्या खड्ड्यात गेला आणि तो काठीने खड्ड्यालाच मारायला लागला. मला फार बरं वाटलं. खिडकीतून हसलो. मान वळवली...

पॉलिशचा वास. ताजा. बाबांचे बूट स्वच्छ, लेस ढिल्या, जिभा बाहेर. माझे शूज शेजारीच, धुळीसकट. एकही फळी वाजली नव्हती.

आता आईबद्दल सांगायला हवं. बाबांचं कंबरेचं दुखणं जुनं, वाकता येत नाही. आई रोज सकाळी त्यांचे बूट पॉलिश करून, लेस ढिल्या करून, जीभ ओढून, दाराकडे तोंड करून ठेवायची. नुसता पाय सरकवायचा. मी शाळेत असताना एकदा माझेही बूट हळूच शेजारी सरकवले होते. आईने पायानेच बाजूला केले. "तुला देवाने हात दिलेत ना, मंदार?"

त्या कॉरिडॉरमधून मी माझे मळके शूज गुपचूप उचलून आत ठेवले. आईचा तर पासपोर्टसुद्धा नव्हता. आणि यायचंच होतं तर टार्निटला यायचं, आपलं घर आहे. अनोळखी माणसाच्या बंगल्यात, गोल्फ कोर्सवर कशाला?

बाबा उठले. पुन्हा बूट घातले आणि समुद्रावर गेले.

घरी आलो. त्या संध्याकाळी बाबांनी बूट आमच्या दाराबाहेर काढून ठेवले. सकाळी दवाने ओले, एकात गोगलगाय. बाबांनी मला गोगलगाय कुंडीत सोडायला लावली, बूट पायाने आत सरकवले, स्लिपर घातल्या आणि खिडकीशी बसले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पोळी पुन्हा अर्धीवर आली.

मग मी जे करायला नको होतं ते केलं. बाबा अंघोळीला गेले तेव्हा गॅरेजमध्ये बसून बूट पॉलिश केले. लेस ढिल्या, जिभा बाहेर, टोकं रस्त्याकडे. सगळं जसंच्या तसं.

बाबांनी बघितलं. पाय सरकवले. माझ्यासोबत कोपऱ्यावरच्या पोस्टबॉक्सपर्यंत आले आणि परत फिरले.

"चांगले केलेस रे," ते म्हणाले. "लेसला पॉलिश लागलंय. तिचं कधी लागायचं नाही."

आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून 'ती' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मान खाली घालून लेसकडे बघत राहिलो. लागलंच होतं.

घराच्या फाटकाशी त्यांनी विचारलं, "परत कधी जायचं तिकडे?"

तेव्हापासून रोज विचारतात. हॉटेलचं पान मी फोनवर उघडतो आणि बंद करतो. तिथे गेलो आणि पुन्हा तसंच झालं, तर बाबांना परत कसं आणायचं? आणि गेलो आणि सकाळी बूट वाळूने भरलेलेच राहिले, तर... ते मला बघवणार नाही.

तर मंडळी, पॉलिश कोणी केलं, याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर ते तुमच्याकडेच ठेवा. आत्ता बाबा उठतील, खिडकीशी येतील आणि विचारतील. मी काय सांगू, तेवढं कोणीतरी सांगा.